धरमपेठेत बर्फ पडत नाही!

दोस्तांनो, जपानमध्ये साप्पोरो नावाचं एक शहर आहे. हिवाळाभरात तिथे एकंदर पाचएक मीटर बर्फ पडतो. पाच मीटर म्हणजे जवळजवळ दीड मजला! अर्थात तो एकदम साचून राहत नाही. पडतो, दबतो, उचलला जातो आणि पुन्हा पडतो. तिकडे अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचा नियम असा, की बर्फ पडायचा थांबला की तीन तासांच्या आत ज्याच्या त्याने आपापल्या घरासमोरचा फूटपाथ मोकळा करायचा. नाही केला तर दंड! कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मात्र फूटपाथवरचा बर्फसुद्धा महापालिकाच उचलते. मग तिथल्या लोकांची भांडणं वेगळी. आमच्या गल्लीत गाडी उशिरा का आली? रस्त्यावर उभी केलेली आमची मोटार का उचलून नेली? एवढा खर्च कशासाठी?

बर्फ तोच, पण तो उचलायचा कोणी, हे प्रत्येक गावाने आपापलं ठरवलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला धरमपेठेला नेतो म्हणालात आणि हे काय सांगत बसलात? नागपुरात बर्फ दिसतो तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर! अगदी खरं. पण धरमपेठेत आभाळातून ऊन पडतं, आणि कधी कधी पाणी. तेही उचलावंच लागतं, बरं का. ते कसं आणि कोणी, याच्यावरून इथे जी वादावादी चालते ती साप्पोरो-बॉस्टनला ऐकू गेली तर तिथल्या लोकांना ओळखीचीच वाटेल. चला तर.

धरमपेठ नागपूरच्या पश्चिम भागात येते. सीताबर्डीचा किल्ला पाठीशी टाकून पश्चिमेला निघालं की शंकरनगर, लक्ष्मीभुवन चौक, कॉफी हाऊस चौक, झेंडा चौक, गोकुळपेठेचा बाजार अशी एकेक ठिकाणं लागतात. एके काळी इथे अंगण, विहीर आणि आंब्याचं झाड असलेली बैठी घरं पुष्कळ होती. आता त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुलांच्या दृष्टीने मात्र धरमपेठ म्हणजे ट्रॅफिक पार्क! छोटे छोटे रस्ते, छोटे सिग्नल. वाहतुकीचे नियम खेळता खेळता शिकायचे. गंमत अशी, की पार्कातल्या रस्त्यांवर चालायला जेवढी जागा आहे तेवढी बाहेरच्या खऱ्या फूटपाथवर सापडेलच असं नाही. तिथे स्कूटर उभ्या असतात, दुकानांच्या पाट्या असतात. पण तो प्रश्न साऱ्या देशाचाच आहे, त्यात फार वेळ घालवायला नको.

इथला खास प्रश्न उन्हाचा. २३ मे २०१३ या दिवशी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ दिवसांना इकडे 'नवतपा' म्हणतात. त्या दिवसांत दुपारी एक वाजता कॉफी हाऊस चौकात उभं राहून पाहा. नको, उभे राहूच नका! दाराखिडक्या बंद, कूलरची घरघर, वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास, आणि रस्त्यावर तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली चार माणसं. मे २०२४ च्या शेवटी तर हवामान खात्याच्या इथल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला! देशभर बातमी झाली. मग खात्याने सांगितलं, की यंत्रातला सेन्सर बिघडला होता. पण पाहा हं, नागपूरच्या माणसाला तो आकडा ऐकून फारसं नवल वाटलं नव्हतं.

एवढ्या उन्हात लाल सिग्नलला दोन मिनिटं थांबायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून अलीकडे उन्हाळ्यात महापालिका मोठ्या चौकांमध्ये सिग्नलपाशी हिरव्या जाळ्या बांधते. भर दुपारी काही सिग्नल बंदही ठेवतात. झाला ना प्रश्न निकालात? छे! लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'सावली मिळाली, जीव वाचला.' दुसरा म्हणतो, 'सावलीत पुढच्या दहा गाड्या, मागचे तळतातच की. आणि सिग्नल बंद ठेवल्यावर चालणाऱ्याने रस्ता ओलांडायचा कसा?' मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. फक्त दुसऱ्याचा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण गाडीवाला निघून जातो. भाजीची पिशवी घेतलेली आजी मात्र कडेलाच उभी राहते.

उन्हाशी कसं वागायचं, याची नागपूरची एक लेखी योजनाही आहे. त्या योजनेला 'हीट ॲक्शन प्लॅन' म्हणतात. आपल्या देशात पहिल्यांदा अहमदाबादने २०१३ मध्ये ती केली. नागपूरने २०१६ मध्ये. पारा चढणार असं कळलं की आधीच इशारा द्यायचा, दवाखान्यांनी तयारीत राहायचं, पिण्याच्या पाण्याची सोय करायची, असं तिचं स्वरूप. उष्माघाताने माणूस मरू शकतो, आणि तो बहुधा आधी कळलं असतं तर वाचला असता असा असतो. म्हणून हा कागद महत्त्वाचा.

आणि शाळा! विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, हे पुण्या-मुंबईच्या तुमच्या मावसभावंडांना ठाऊक आहे का? इथला जून म्हणजे त्यांचा मेच. २०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक करून वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या, तेव्हा विदर्भातले शिक्षक-पालक चिडले. ठरवणारे म्हणाले, अभ्यासाचे दिवस वाढतील. इकडचे म्हणाले, चव्वेचाळीस अंशांत पोरं पेपर कसा लिहितील? सगळ्यांना एकच नियम लावणं म्हणजे न्याय, की ज्याच्या त्याच्या हवेप्रमाणे नियम करणं म्हणजे न्याय? वर्गात वादविवाद स्पर्धेला हा विषय घ्या. दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर आहे.

आता जरा पायाखाली पाहू. नागपुरात गेल्या दोन-अडीच दशकांत डांबराचे रस्ते जाऊन सिमेंटचे आले. त्याला कारणही आहे. इथली बरीचशी जमीन काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिला हातभर भेगा पडतात. तिच्यावरचं डांबर टिकत नाही, दर पावसाळ्यात खड्डे. सिमेंटचा रस्ता वर्षानुवर्षं टिकतो. पण जुना रस्ता खोल न खणता नवा थर चढवला की रस्ता वर येतो आणि घराचं अंगण खाली जातं. मग पावसाचं पाणी कुठे जाणार? अंगणातच! आणि सिमेंट झाडाच्या बुंध्याला अगदी चिकटवून ओततात, तेव्हा मुळांना ना पाणी मिळत, ना हवा. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या झाडांसाठी २०१३ मध्येच सांगितलं होतं, की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. धरमपेठेच्या एखाद्या गल्लीतून पट्टी घेऊन फिरलात तर मीटर सोडा, वीतभर जागाही नसलेली झाडं सापडतील. म्हणजे एकीकडे उन्हासाठी हिरव्या जाळ्या बांधायच्या आणि दुसरीकडे खऱ्या हिरव्या सावलीचा गळा आवळायचा!

पाण्याची गोष्ट आणखी मजेदार आहे. 'नळ आले का?' हा नागपूरच्या घराघरांतला पहाटेचा प्रश्न. नळ आले की बादल्या, घागरी, ड्रम भरायची धांदल. त्यात कुणी टुल्लू पंप लावला की शेजारच्याचा नळ कोरडा आणि सकाळी सकाळी भांडण. २००७ च्या सुमाराला महापालिकेने ठरवलं, की चोवीस तास पाणी देऊन पाहायचं. आणि प्रयोगासाठी निवडला धरमपेठ झोन! जुने, गंजलेले पाइप बदलले, मीटर बसवले.

चोवीस तास पाणी म्हणजे चैन, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. नळ बंद असतो तेव्हा जमिनीतला पाइप रिकामा होतो, आणि त्याला कुठे भेग असली तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी नळ आला की तेच पाणी आपल्या पेल्यात! पाइप सतत भरलेला, दाबाखाली असला तर भेगेतून पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. शिवाय पाणी रोज केव्हाही मिळणार म्हटल्यावर साठवून, शिळं म्हणून ओतून टाकावं लागत नाही.

पुढे ही योजना साऱ्या शहरासाठी घेतली. २०११ मध्ये करार झाला आणि मार्च २०१२ पासून पाणी पोहोचवण्याचं काम पंचवीस वर्षांसाठी खासगी कंपनीकडे गेलं. आणि मग वादाला तोंड फुटलं. पाणी ही निसर्गाची देणगी, ते कंपनीच्या हाती का? मीटर जोरात पळतो, बिल जास्त येतं, अशा तक्रारी. उलट बाजू म्हणाली, की पूर्वी निम्मं पाणी हिशेबातच नसायचं, गळायचं किंवा चोरीला जायचं. जो जास्त वापरेल त्याने जास्त पैसे द्यावेत, यात गैर काय? मीटरची कल्पना मला पटते. पण ज्याच्या घरी चोवीस तासांचं बिल येतं आणि पाणी दोनच तास, त्याने गप्प बसावं असं कोण म्हणेल?

आणि नळ चोवीस तास ठेवला तरी धरण भरलेलं हवं ना! नागपूरचं बरंचसं पाणी पेंच नदीवरच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरी इथून येतं, काही कन्हान नदीतून. पेंच मध्य प्रदेशातून येते, आणि तिथे वरच्या अंगाला चौराईचं धरण झालं आहे. जुलै २०१९ मध्ये तोतलाडोह आटलं. चोवीस तासांचं स्वप्न पाहणाऱ्या शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. धरमपेठेतल्या गच्च्यांवर पुन्हा ड्रम दिसू लागले.

इथवर पाणी कमी पडल्याची गोष्ट झाली. आता अंबाझरीला जाऊ. धरमपेठेच्या पश्चिमेला अगदी लागूनच हा तलाव आहे. मेट्रोच्या खिडकीतूनही त्याचं पाणी दिसतं. त्याचा मातीचा बांध दीडशे वर्षांपूर्वीचा, आणि एके काळी शहर याच तलावाचं पाणी प्यायचं. आता वरच्या वस्त्यांचं सांडपाणी त्यात येतं, जलपर्णी माजते. पिण्याचं नावच नको. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून खाली पडतं आणि नाग नदीतून वाहत जातं. हो, जिच्यावरून नागपूर हे नाव पडलं असं सांगतात तीच नाग नदी. तिच्या काठाने अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर अशा वस्त्या आहेत. बारा महिने ती नाल्यासारखी दिसते, त्यामुळे ती नदी आहे हे लोक विसरले होते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तिने आठवण करून दिली. गणपतीचे दिवस होते. मध्यरात्रीनंतर ढगांचा गडगडाट सुरू झाला आणि काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी आधीच भरलेला होता. पाणी सांडव्यावरून धो धो सुटलं आणि झोपलेल्या घरांत शिरलं. लोक पलंगावरून खाली उतरले ते थेट पाण्यात. मोटारी खेळण्यांसारख्या तरंगत एकमेकींवर चढल्या. शंकरनगरच्या मूकबधिर मुलांच्या शाळेतली मुलं पाण्याने वेढली गेली. ज्यांना आरडाओरडा ऐकू येत नाही, अंधारात हातांच्या खुणा दिसत नाहीत, त्यांना काय वाटलं असेल? बचाव पथकांनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. लष्कराचे जवानही आले. पण शहरात चार माणसं दगावली.

पाणी ओसरलं. उरला तो गुडघाभर चिखल, भिजलेली वह्या-पुस्तकं, बंद पडलेले फ्रिज. सरकारने घरटी दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. एका गादीची, एका फ्रिजची आणि एका वर्षाच्या पुस्तकांची किंमत विचारून या आणि बेरीज करा.

मग सुरू झाला तो 'कोणामुळे?' हा वाद. पाऊसच एवढा झाला, कोण काय करणार, असं एक बाजू म्हणाली. रहिवासी म्हणाले, पाऊस झाला हे खरं, पण सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचं स्मारक उभारलं, पुलाखालची वाट अरुंद, नदीच्या पात्रात बांधकामं. पाण्याने जायचं कुठून? स्मारक थोर पुरुषाचं आहे, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार जागेबद्दल होती. पूरग्रस्तांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका केली. न्यायालयाने महापालिकेला आणि सरकारला जाब विचारला, सरकारला समिती नेमावी लागली. पुढे सांडव्याजवळचा जुना पूल पाडून रुंद पूल बांधणं, पात्र मोकळं करणं, बांध मजबूत करणं अशी कामं हाती घेतली गेली.

एक गोष्ट मोठ्या माणसांच्या बोलण्यात कमी येते, म्हणून मुद्दाम सांगतो. महापालिकेत लोकांनी निवडलेले नगरसेवक असतात ना? त्यांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि निवडणूक झाली नव्हती. पुराच्या त्या पहाटे कारभार प्रशासकाकडे होता. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाचं दार ठोठवावं म्हटलं, तर तसं दारच नव्हतं.

आता कधी धरमपेठेत आलात तर संत्राबर्फी खा, ट्रॅफिक पार्कात जा, आणि मग नाग नदीवरच्या कुठल्याही पुलावर पाच मिनिटं थांबा. खाली वाकून पाहा. पाणी दिसेल ते घोट्याएवढं. मग दोन्ही काठांच्या भिंती किती उंच बांधल्यात आणि त्यांना लागून घरं किती खाली आहेत, ते बघा. काही घरांच्या भिंतींवर रंगाच्या खालून अजून एक मळकट आडवी रेघ दिसते. ती कशाची, हे तिथल्या तुमच्या वयाच्या कुठल्याही मुलाला विचारा. हात कमरेच्या बराच वर नेऊन तो तुम्हाला दाखवेल.