पोखर्णीची वाट आणि आजींची गोळी

रक्तदाबासाठी माझ्याकडे येणाऱ्या एक आजी प्रत्येक सूचनेला "बरं" म्हणायच्या. गोळी रोज सकाळी, मीठ कमी, महिन्याने दाखवायला या. "कळलं ना आजी?" "कळलं की." आणि महिन्याने रक्तदाब पुन्हा १८० च्या घरात. तिसऱ्या वेळी मी चिडले. "तुम्हाला बरं व्हायचंच नाही का?" त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलून निघून गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी मी परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीला गेले. मी पुण्यात वाढलेली, मराठवाड्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. परभणीहून गंगाखेड-परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव नृसिंहाच्या मंदिरासाठी ओळखलं जातं. दर्शन घेऊन एका परिचितांच्या 'आखाड्यावर' जेवायला जायचं होतं. आखाडा म्हणजे इथे शेतातलं घर. मी आपली कुस्तीचा आखाडा समजून बसले होते!

रस्ता विचारला. "गाडवाटेनं सरळ जा, नाल्याच्या अलीकडं उगवतीला वळा." मी "हो, हो" म्हणाले आणि निघाले. खरं तर मला काहीच कळलं नव्हतं. भर दुपारी सूर्य डोक्यावर, उगवत कुठली नि मावळत कुठली? पण परत विचारायची लाज वाटली. एवढी शिकलेली बाई, लोक काय म्हणतील? मोबाइलला रेंज नव्हती. अर्धा तास ज्वारीच्या रानातून भलत्याच दिशेने चालले. पाणी संपलं, छाती धडधडू लागली.

लिंबाखाली बसलेल्या एका आजोबांनी हाक मारली. "कुणीकडं निघालीस माय?" त्यांनी आधी पाणी दिलं, मग रस्ता सांगितला. मी सवयीने "हो" म्हणाले. ते हसले. "आता तू मला सांग बरं, कशी जाशील?"

मी सांगू लागले आणि दुसऱ्याच वळणावर अडखळले. त्यांनी तेवढंच पुन्हा सांगितलं, या वेळी माझ्या डाव्या-उजव्या हाताच्या भाषेत. दहा मिनिटांत मी पोहोचले.

जेवताना मला आजी आठवत होत्या. माझा दवाखाना त्यांच्यासाठी अशीच अनोळखी जागा होती. तिथली भाषा माझी आणि घाईही माझीच. मन धास्तावलेलं असलं की ऐकलेलं नीट डोक्यात शिरत नाही, शिरलेलं टिकत नाही. काहींचा तर नुसत्या दवाखान्याच्या धास्तीनेच रक्तदाब वाढतो. अशा वेळी "कळलं का?" या प्रश्नाला माणूस "हो"च म्हणतो. मीही तेच केलं होतं.

आजोबांनी जे केलं, त्याला वैद्यकशास्त्रात 'टीच-बॅक' म्हणतात. रुग्णाने सूचना आपल्या शब्दांत परत सांगायच्या. ही परीक्षा असते ती डॉक्टरांच्या समजावण्याची. मी हे वाचलेलं होतं, पण वापरलं कधीच नव्हतं.

पुढच्या खेपेला आजी आल्या, तेव्हा आधी माफी मागितली. मग विचारलं, "आजी, गोळी कशी घेता ते मला सांगता का?"

"डोकं दुखलं की घेते. दुखत नसताना उगाच कशाला?"

उच्च रक्तदाबात बहुतेकदा काहीच दुखत नाही आणि तरीही मेंदू, हृदय, मूत्रपिंडावर त्याचा ताण पडत राहतो. म्हणून गोळी रोज घ्यायची. हे 'म्हणून' मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी सांगितलं आणि त्यांच्याकडून परत ऐकलं. दोन महिन्यांत रक्तदाब आटोक्यात आला. गोळी तीच होती.

वाचकहो, दवाखान्यातून निघण्यापूर्वी एवढं जरूर करा. "डॉक्टर, मला जे समजलं ते सांगते, चुकलं तर सांगा," असं म्हणा. कोणती गोळी, कधी, किती दिवस, कशासाठी आणि कोणता त्रास झाला तर लगेच यायचं, हे बोलून दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि जमेल तेव्हा एखाद्या अनोळखी गावी जा. तिथे रस्ता विचारावा लागतो. आम्हा डॉक्टरांना तर त्याची फारच गरज आहे.