सानपाड्यातली बिनदुधाची मेजवानी

सानपाड्याला राहते म्हटलं, की समोरच्या बाई हमखास विचारतात, "म्हणजे वाशीच ना?" आता काय सांगायचं! मुंबईहून येताना वाशीच्या पुढचं स्टेशन आमचं. गाडीत वाशीला निम्मी माणसं उतरतात, मग जरा मोकळं टेकावं तोवर आपलं स्टेशन आलेलंच असतं. बाजूला लोकलगाड्यांची कारशेड आहे. रात्री पाहुणे म्हणतात, "गाड्यांचा आवाज फार येतो हो तुमच्याकडे." आम्हाला तो ऐकूच येत नाही. एखाद्या मेगाब्लॉकच्या रविवारी मात्र काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

पाहण्यासारखं असं इथे काही नाही, असं मीच इतकी वर्षं म्हणत आले. सिडकोच्या इमारती, ओळीने लावलेली झाडं, सेक्टरांचे आकडे. पण गेल्या महिन्यात एका शनिवारच्या जेवणासाठी मी ह्याच सानपाड्यात तीन दिवस पिशवी घेऊन हिंडले, आणि आपण राहतो ते गाव मला पहिल्यांदा नीट दिसलं. कारण मात्र साधं होतं. मला पास्ता करायचा होता. ओव्हनमध्ये भाजलेला, वरून खरपूस, आणि दुधाचा थेंबही नसलेला.

आमच्या ओंकारला दुधाची ऍलर्जी आहे. आता तो सात वर्षांचा आहे. दूध न पचणं वेगळं आणि हे वेगळं, हे मलाही डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगावं लागलं. दुधातली साखर पचली नाही तर पोट बिघडतं. इथे दुधातल्या प्रथिनांचंच शरीराला वावडं, त्यामुळे एक चमचासुद्धा पुरतो. गाईचं नाही म्हणून म्हशीचं, म्हशीचं नाही म्हणून शेळीचं, असंही चालत नाही. दही, ताक, पनीर, लोणी, खवा सगळं बंद. तूपही नको, कारण त्यात थोडा अंश राहू शकतो. बिस्किटांच्या आणि पावाच्या पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचायची सवय मला तेव्हापासून लागली. 'दूध घनपदार्थ', 'व्हे', 'केसीन' असं काही दिसलं, की पाकीट परत फळीवर. पुष्कळ मुलांचं हे मोठेपणी जातं म्हणतात. आमचं अजून गेलेलं नाही.

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्या मालवण तालुक्यातल्या. सासरे गेल्यावर सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे आल्या. येताना एक ट्रंक, दोन नारळाच्या खवण्या आणि शिरवाळे पाडायचा लाकडी साचा घेऊन आल्या. साचा तेव्हाच माळ्यावर गेला. "दुधाने कधी कुणाचं वाईट झालंय का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ओंकार तीन वर्षांचा असताना कोजागिरीला इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांनी मसाला दूध केलं. सगळी मुलं ग्लास घेऊन बसलेली, आणि हा एकटा रिकाम्या हाताने. आजीचा जीव राहवेना. तिने प्रसाद म्हणून त्याच्या तोंडात एक चमचा दूध घातलं. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. ह्यांनी त्याला उचललं, मी अनवाणीच धावले, रिक्षाने वाशी गाठली. वेळेवर पोचलो, इतकंच.

त्यावर घरात कुणी कुणाला बोललं नाही. पण सासूबाईंनी त्या दिवसापासून त्याला स्वतःच्या हाताने भरवणं सोडलं. वरणभात कालवून ताट माझ्या हातात देत. "तूच दे," म्हणत. चार वर्षं.

आणि आम्ही सगळ्यांनीही एक सवय लावून घेतली होती. काही विशेष केलं, की ओंकारचं वेगळं. पावभाजी केली तर त्याची तेलातली, लहान कढईत. पाहुणे आले की त्याची वाटी बाजूला झाकलेली. एका वाढदिवसाला हॉटेलात सगळ्या मुलांना चीजची तार सुटणारा पास्ता आला, आणि ह्याच्यापुढे नुसत्या उकडलेल्या मक्याची बशी. तो काही रडला नाही. घरी आल्यावर आमच्या सईने, ती बारा वर्षांची आहे, मला हळूच सांगितलं, "आई, मला पास्ता खूप आवडतो. पण मी आता मागत नाही." मला ते त्याच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं.

तेव्हा नणंद ठाण्याहून सहकुटुंब येणार म्हणाली, त्या शनिवारी ठरवलं, की एकच भांडं करायचं. सगळ्यांनी त्यातलंच खायचं.

माझ्या आईने लग्नात मला तिची पाककृतींची वही दिली. त्यात जुन्या मासिकांची कात्रणं चिकटवलेली आहेत. 'बेक्ड मॅकरोनी' काढलं, तर अर्धा लिटर दूध, लोणी, मैदा, किसलेलं चीज, वरून पुन्हा चीज! मॅकरोनी सोडली तर बाकी सगळं आम्हाला वर्ज्य. सई मोबाइलवर बघून म्हणाली, "ह्याला व्हीगन म्हणतात. दूध नाही, अंडं नाही, प्राण्यांपासूनचं काहीच नाही." तिथल्या कृतींत नावं अशी, की जिन्नस परदेशातूनच मागवावेत. म्हटलं, आपलं सानपाडा बघू या आधी.

काजूसाठी महामार्ग ओलांडून एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये गेले. मुंबईतले मशीद बंदर, भायखळ्याकडचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे हलवले. कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य, मसाला अशी पाच मोठी मार्केटं झाली. भाजी आणि फळांचं १९९६ मध्ये आलं. आख्ख्या मुंबईचं पोट जिथून भरतं त्याच्या दाराशी आपण राहतो, आणि मी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर-शंभर ग्रॅम काजू आणत होते! तिथे काजूचा तुकडा अख्ख्या काजूपेक्षा बराच स्वस्त मिळतो. वाटायचाच आहे, तर अख्खा हवाय कशाला? मात्र ज्या मुलांना काजूचंही वावडं असेल त्यांच्यासाठी मगजबी घ्या, आणि कुठलीही नवी गोष्ट आधी डॉक्टरांना विचारूनच.

भोपळा सानपाडा गावाजवळ बसणाऱ्या एका मावशींकडून घेतला. सेक्टरांच्या मधोमध जुनं गाव अजून आहे, आगरी-कोळ्यांचं. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना टेकलेली. मावशी विळीवर भोपळ्याची फोड कापता कापता विचारायला लागल्या, कुठली इमारत तुमची. मी सांगितली. त्या म्हणाल्या, तिथे आमच्या सासऱ्यांची भाताची खाचरं होती. अगदी सहज म्हणाल्या, भाव सांगावा तसं. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ह्या पट्ट्यातल्या पंचाण्णव गावांची जमीन घ्यायचं ठरलं, हे मी शाळेत मुलांना शिकवते. १९८४ च्या जानेवारीत जासईला शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच माणसं गेली, पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, हेही सांगते. पण आपल्या स्वयंपाकघराच्या खाली कुणाचं खाचर होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. पैसे देताना मला उगीचच अवघडल्यासारखं झालं. मावशींनी मूठभर कोथिंबीर वर टाकली.

पहिला प्रयोग गुरुवारी केला आणि तो साफ फसला. नारळाचं दूध काढलं, कढईत ओतलं आणि गॅस मोठा केला. क्षणात दूध फाटलं, तेल वर आणि चोथा खाली. पास्ता जास्त शिजून लगदा झाला. मी कढईकडे बघत उभी, तर दारातून आवाज आला, "नारळाच्या रसाला अशी उकळी आणतात होय गं?"

सासूबाई आत आल्या. फाटलेलं दूध पाहिलं, मग पास्त्याचं एक नळकांडं उचलून उजेडात धरलं. "शिरवाळेच की हे. भोक पडलेले."

मी बघतच राहिले. मालवणकडे तांदळाच्या पिठाचे मुटके उकडून, साच्यातून दाबून गरम शिरवाळे पाडतात आणि ते नारळाच्या गोड रसात घालून खातात. त्यात दुधाचा थेंब नसतो. सोलकढीत नसतो, माशांच्या आमटीत नसतो. ज्या बाईच्या गावी निम्मा स्वयंपाक नारळाच्या रसावर चालतो, तिच्या घरात बसून मी चार वर्षं दुधाला पर्याय शोधत होते! आणि त्याही काही बोलल्या नव्हत्या. ओंकारच्या खाण्यात आपण पुन्हा हात घालायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं असावं.

"रस मी काढून देते," त्या म्हणाल्या. "बाकी तुझं तू बघ."

शनिवारी जे जमलं ते सांगते. चार-पाच माणसांना पाव किलो पेने पास्ता घ्यावा. सुका पास्ता रव्याचाच असतो, तरी पाकीट वाचावं. पाव किलो लाल भोपळ्याच्या फोडी, अर्धी वाटी भिजवलेले काजू आणि चार लसूण पाकळ्या थोडंसं पाणी घालून कुकरमध्ये दोन शिट्ट्यांवर शिजवाव्यात आणि गार झाल्यावर मिक्सरमध्ये अगदी मऊ वाटाव्यात. भोपळ्यामुळे चीजसारखा पिवळा रंग येतो. एका नारळाचा घट्ट रस एक वाटी वेगळा ठेवावा, दुसऱ्या पाण्याचा पातळ रस दोन वाट्या. कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून दोन चमचे कणीक मंद आचेवर खमंग भाजावी. आता पातळ रस थोडा थोडा घालत ढवळत राहावं, नाहीतर गुठळ्या होतात. त्यात वाटण, मीठ, मिरपूड आणि अर्धा चमचा मोहरीची पूड घालावी. ही पूड विसरू नका, तिच्यामुळेच चीजचा तो किंचित झणका येतो. गॅस बंद करून मगच घट्ट रस आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. सॉस कढीइतका पातळच हवा, कारण भट्टीत पास्ता तो पिऊन टाकतो.

पास्ता पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन मिनिटं आधी उतरवायचा. वाफवलेला फ्लॉवर, गाजर, मटार आणि कच्चीच सिमला मिरची अशा तीन वाट्या भाज्या त्यात मिसळून, सॉस ओतून, तेलाचा हात लावलेल्या भांड्यात पसरावा. वरचा खरपूस थर चीजशिवाय कसा आणायचा, ह्यावर मी बराच विचार केला. पावाच्या चुऱ्याची भीती वाटते, कारण पावात दुधाची पावडर असू शकते. शेवटी पातळ पोहे हाताने चुरडले, त्यात तीळ, तिखट आणि चमचाभर तेल चोळलं आणि ते वर पसरले. इतके सुरेख कुरकुरीत होतात म्हणून सांगू!

साध्या ओव्हनला दोनशे अंशांवर पंचवीस मिनिटं पुरतात, आधी दहा मिनिटं तो तापवून घ्यावा. माझ्याकडे आईचाच गोल ऍल्युमिनियमचा ओव्हन आहे, झाकणाला काच असलेला. त्याला तापमानाचा काटा वगैरे काही नाही. त्यात पस्तीस मिनिटं लागली, आणि सई तेवढा वेळ काचेला डोळे लावून बसली होती. ओव्हनच नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, खाली तवा ठेवून, घट्ट झाकण लावून मंद आचेवर अर्धा तास ठेवा. वरचा थर कुरकुरीत होणार नाही, तेव्हा पोहे वेगळे परतून ऐन वेळी घाला. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नये, म्हणजे वड्या नीट सुटतात.

आम्ही नऊ माणसं, म्हणून मी सगळं दुपटीने घेतलं होतं. नणंद ठाणे-वाशी लोकलने आली. ही गाडी २००४ मध्ये सुरू झाली आणि आमची माहेरं-सासरं जवळ आली. पूर्वी ठाण्याला जायचं तर कुर्ल्याचा वळसा पडे. मेहुणे मोठ्या मनाने म्हणाले, "वहिनी, चीज थोडं माझ्या ताटात किसून द्या हं." मी सांगितलं, आज घरात चीजच नाही. ते जरा हिरमुसले. मग तीन वेळा वाढून घेतलं, हे मी मुद्दाम मोजलं.

भांडं मधोमध ठेवलं तेव्हा ओंकारने सवयीने विचारलं, "माझं कुठंय?"

"हेच," सई म्हणाली.

तो भांड्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी चमचा उचलणार, इतक्यात सासूबाईंनी तो माझ्या हातून घेतला. पहिली वडी त्यांनी त्याच्या ताटात वाढली. एक घास मोडला, फुंकर घातली, आणि हात तसाच थांबला. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "सगळं पाहिलंस ना गं नीट?" मी म्हटलं, "हो आई, पाकिटं दोनदा वाचलीत." तेव्हा त्यांनी घास भरवला. मग कितीतरी वेळ त्या त्याच्या ओठांकडेच बघत होत्या. नणंद काहीतरी बोलत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"आजी, पोहे जास्त असलेलं दे," ओंकार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रविवारची कामं उरकत होते, तर ह्यांना स्टुलावर चढवून सासूबाई माळ्यावरून काहीतरी काढायला लावत होत्या. लाकडी साचा खाली आला. चांगलाच धुळीने भरलेला होता, आणि एका बाजूला वाळवी लागली की काय म्हणून त्या तो उन्हात धरून बघत होत्या.