चालु म्हणजे पुरे

माझं माहेर नांदेडचं. १९९२ साली लग्न होऊन ह्यांच्या नोकरीच्या गावी, निर्मलला आले. गाडीत भैंशापर्यंत मराठी कानावर पडत होती. पुढे ती विरळ होत गेली. सासरे म्हणाले होते, "अगं, आपलं किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. निर्मल काय परमुलूख आहे?" पण ज्या गावात शेजारणीकडे विरजण मागता येत नाही, तो परमुलूखच की!

शेजारी लाकडी खेळणी करणाऱ्यांचं घर होतं. तिथल्या वयस्कर बाईंना सारी गल्ली अक्का म्हणे. तेवढा एक शब्द मला शिकावा लागला नाही. दसऱ्यानंतर एका दुपारी त्यांना जेवायला बोलावलं. मी भात वाढू लागले की त्या म्हणत, "चालु, चालु!" मला वाटलं, वाढणं चालू ठेव म्हणताहेत. मी वाढतच गेले. अन्न टाकायचं नाही म्हणून त्या माउलीनं सगळं संपवलं. संध्याकाळी हे आले तेव्हा उलगडा झाला. तेलुगूत चालु म्हणजे पुरे!

लाजेनं मी दोन दिवस अंगणात गेले नाही. तिसऱ्या दिवशी अक्काच हसत आल्या. हातात पोनिकीच्या हलक्या लाकडाचा, रंगवलेला आंबा. "मामिडि पंडु," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आंबा." अशी आमची शाळा सुरू झाली. हत्ती आला, एनुगु झाला; पोपट आला, चिलुका झाला.

मनात धाकधूक होतीच. मीच तेलुगू बोलू लागले, तर पोरांची मराठी टिकेल का? म्हणून उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तेलुगू असा नेम केला. पोरांनी तो रोज मोडला. भांडण तेलुगूत, रडणं मराठीत. पण दोन्ही भाषा राहिल्या.

२०१६ साली निर्मल स्वतंत्र जिल्हा झाला, तो पाहायला अक्का नव्हत्या. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात लेकीनं मला उशाशी बसवलं होतं. मी चमच्यानं पाणी पाजत होते. तिसऱ्या चमच्याला त्या पुटपुटल्या, "चालु."

या वेळी मला बरोबर कळलं. मी वाटी खाली ठेवली. तरी क्षणभर वाटलं, हा शब्द त्यांनी आपल्या मराठीत म्हटला असता, तर किती बरं झालं असतं!