दोन हुकूम, एक पट्टी

आमच्या मुलीने दोन वर्षांची ईदी साठवून रेडिओवर चालणाऱ्या विमानाचा ट्रान्समीटर घेतला. विमान तिने घरीच फोमच्या शीटमधून कापून, चिकटवून तयार केलं. ती नववीत आहे, धाकटा भाऊ सहावीत. घरी आलेले पाहुणे विचारतात, "मुलीच्या जातीला हे खेळणं कशाला?" आम्ही दोघं नवरा-बायको त्यांना सांगतो की यात खेळ कमी आणि अभ्यास जास्त आहे. तो अभ्यास नेमका काय, हे इतर पालकांनाही कळावं म्हणून हे लिहीत आहोत.

तिचं विमान डेल्टा पद्धतीचं आहे. पंख त्रिकोणी आणि मागे आडवी शेपटी नाही. आपल्या देशाचं 'तेजस' याच घडणीचं. त्याचं पहिलं उड्डाण 4 जानेवारी 2001 रोजी बंगळुरूला झालं. साध्या विमानात कामं वाटून दिलेली असतात. नाक वर-खाली करायला शेपटीवरचा एलिव्हेटर आणि डावी-उजवीकडे कलायला पंखांवरचे एलरॉन. डेल्टामध्ये पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या दोन पट्ट्यांनाच ही दोन्ही कामं करावी लागतात. म्हणून दोन्ही नावं जोडून त्यांना एलेव्हॉन म्हणतात. प्रत्येक पट्टी हलवायला एक छोटी मोटर असते, तिला सर्वो म्हणतात. दोन वेगवेगळे हुकूम एकाच पट्टीपर्यंत कसे पोचवायचे आणि कोणत्या हुकमाचा वाटा किती, हे ट्रान्समीटरमध्ये आधीच भरून ठेवायचं. यालाच मिक्सिंग म्हणतात.

ही गोष्ट आजची नाही. नवव्या शतकात कुर्तुब्यात, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कॉर्डोबा शहरात, अब्बास इब्न फिरनास यांनी पंख लावून उडी घेतली होती. सतराव्या शतकातले इतिहासकार अल-मक्करी लिहितात, की ते बरंच अंतर तरंगत गेले, पण उतरताना त्यांच्या पाठीला मार बसला. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मुलांना ही हकिकत सांगितली तेव्हा मुलगी लगेच म्हणाली, "अब्बा, म्हणजे माझ्या मिक्सिंगला शेपटीचंही काम करायचंय!" राइट बंधूंनी तर 1902 च्या ग्लायडरमध्ये पंख पिळायच्या तारांनाच मागचं सुकाणू जोडून टाकलं होतं, म्हणजे एका हुकमात दोन कामं. पुढे 1905 च्या विमानात त्यांनी सुकाणू पुन्हा वेगळं केलं. काय जोडायचं आणि काय सुटं ठेवायचं, हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे.

आमच्यापैकी एकाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि दुसरी शाळेत गणित शिकवते. हात लावायचा मोह दोघांनाही होता. पण ठरवलं की आपण फक्त प्रश्न विचारायचे, बटणं तिनेच दाबायची.

तिने वहीत दोन ओळी मांडल्या. उजवी पट्टी म्हणजे एलिव्हेटर अधिक एलरॉन. डावी पट्टी म्हणजे एलिव्हेटर वजा एलरॉन. स्टिक मागे ओढली की दोन्ही पट्ट्या वर. स्टिक उजवीकडे नेली की उजवी वर आणि डावी खाली. सगळं मिक्सिंग या दोन ओळींत आलं. पण सर्वो एकमेकांसमोर उलटे बसवलेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पट्ट्या भलतीकडेच जातात. अशा वेळी घाईने वाटेल ते बटण फिरवलं तर गोंधळ वाढतो. त्याला क्रम आहे. आधी स्टिक मागे ओढायची. एक पट्टी वर आणि दुसरी खाली गेली, तर एका सर्वोची दिशा उलटायची. दोन्ही एकत्र खाली गेल्या, तर दोन्ही ओळींतलं एलिव्हेटरचं चिन्ह बदलायचं. हे जमल्यावरच स्टिक उजवीकडे न्यायची. तिथे उलटं झालं, तर दोन्ही ओळींतलं एलरॉनचं चिन्ह बदलायचं. या क्रमाने गेलं की पुढची दुरुस्ती मागची बिघडवत नाही. तपासताना विमानाचं नाक आपल्यापासून दूर हवं आणि आपण शेपटीच्या बाजूला उभं राहायला हवं. खूण सोपी आहे: ज्या बाजूला स्टिक, त्या बाजूची पट्टी वर. नाक आपल्याकडे असेल तर डावं-उजवं उलटं दिसतं.

यानंतरचा प्रश्न वाट्याचा. मुलाचं म्हणणं, दोघांनाही शंभर टक्के द्या, म्हणजे विमान चपळ होईल. गणिताच्या बाईंनी विचारलं, "मग स्टिक पूर्ण मागे ओढून त्याच वेळी उजवीकडे नेली तर?" त्याने बेरीज केली. उजवीला दोनशे, डावीला शून्य. पण सर्वो शंभरावरच थांबतो. स्टिक मागे ओढल्यावर उजवी पट्टी आधीच टोकाला गेलेली असते. कलायचा हुकूम ऐकायला तिच्याकडे जागाच उरत नाही. फक्त डावी पट्टी खाली येते. विमान अर्धंच कलतं आणि नाकही हवं तेवढं उचललेलं राहत नाही. म्हणून दोन्ही वाटे मिळून शंभराच्या आत ठेवायचे. पन्नास-पन्नासने सुरुवात करणं चांगलं. पन्नास-पन्नासमध्ये उजवी पट्टी बरोबर शंभरावर जाते आणि दोन्ही हुकूम पाळले जातात. त्याशिवाय बिनशेपटीच्या विमानात स्टिक मधोमध असतानाही दोन्ही पट्ट्या किंचित वर ठेवतात, नाहीतर नाक खाली झुकतं.

ही सगळी तपासणी पंखा काढूनच करायची, हा घरचा पक्का नियम. आधी ट्रान्समीटर सुरू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची. ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून मोटर आपोआप थांबते का, तेही पाहायचं. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा हिरव्या क्षेत्रात आहे ना, हे बघून मगच मैदानावर जायचं.

फज्रनंतर वारा पडलेला असतो. कापणी झालेल्या शेतात आम्ही चौघं आणि दादी उभे होतो. हातातून सोडताना मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. विमान वाकडं गेलं असतं तर दोन वर्षांची ईदी बांधावर पडली असती. तिने शेवटचं एकदा स्टिक मागे ओढून, उजवीकडे, डावीकडे नेऊन पट्ट्या पाहिल्या, बिस्मिल्लाह म्हटलं आणि भावाला फेकायला सांगितलं. विमान उडालं. नाक जरा जास्तच झटकन उचललं जात होतं, म्हणून उतरल्यावर तिने एलिव्हेटरचा वाटा पन्नासवरून चाळीसवर आणला. दुसऱ्या वेळी ते शांत उडालं. उंट बांधून मग तवक्कुल करायची शिकवण आपण मुलांना तोंडाने नेहमी देतो. त्या सकाळी ती त्यांच्या हातांनी केली.

दहावीनंतर काय, यावर आमच्या घरात आता बोलणं सुरू झालं आहे. तिला विमानाचं शिक्षण घ्यायचं आहे, त्यासाठी दुसऱ्या शहरात राहावं लागेल. दादींना काळजी वाटते, आम्हालाही वाटते. घरात मशवरा होतो तेव्हा ज्याचा आवाज मोठा, तो शंभर टक्के घेऊन बसतो आणि मुलीचं म्हणणं ऐकायला जागाच उरत नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे की निर्णय आयत्या वेळी घ्यायचा नाही. आधी बसायचं, दादींच्या काळजीचा वाटा आणि मुलीच्या इच्छेचा वाटा समोर मांडायचा, आणि दोन्ही पाळता येतील अशी सोय शोधायची: वसतिगृह कसं आहे, जवळ कोणी नातेवाईक आहे का, खर्चाला शिष्यवृत्ती मिळते का. पुढचं वर्ष त्यासाठी हातात आहे. इन्शाअल्लाह, तेवढं पुरेल.