किल्ला कुणाचा?

माझी एक मैत्रीण जर्मनीत राहते. तिने ऱ्हाईन नदीकाठच्या भटकंतीचे फोटो पाठवले. बिंगेन ते कोब्लेंझ हे ६५ किलोमीटरचं खोरं युनेस्कोने २००२ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. उतारावर द्राक्षमळे आणि वर टेकड्यांवर चाळीसेक जुने गड. दिवसभर चाला, द्राक्षवेल संपत नाही आणि गडही संपत नाहीत. माझ्या चौदा वर्षांच्या भाचीने फोटो पाहून विचारलं, "खाला, आपल्याकडे असं काही नाही?"

आपल्याकडे मढ आहे. डिसेंबरच्या सुट्टीत एका रविवारी पहाटेच आम्ही दोघी निघालो. वेसाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पाचेक मिनिटांत पलीकडे मढ. तिथून मार्वेपर्यंत दहाएक किलोमीटरची वाट. द्राक्षांच्या जागी ताड आणि माड, आणि उतारांच्या जागी दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील. वासाला नाक मुरडणाऱ्या भाचीला म्हटलं, हा वास म्हणजे इथल्या लोकांची रोजीरोटी आहे, जरा अदबीने श्वास घे.

ताडांकडे पाहून ती म्हणाली, "यातून दारू काढतात ना? मग हे झाड हराम?" मी म्हटलं, झाड कधीच हराम नसतं. सूर्य उगवायच्या आत उतरवली तर ती गोड नीरा. ऊन चढलं की आंबते आणि तिची ताडी होते. द्राक्षाचंही तेच. रस हलाल, शराब हराम, आणि तीच आणखी आंबून सिरका झाला की पुन्हा दस्तरखानावर. शराब आणि शरबत तर एकाच अरबी धातूतून आले आहेत, 'पिणे' या अर्थाच्या.

मग किल्ला आला. मढचा, म्हणजेच वेसाव्याचा किल्ला पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. आज तो वायुदलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. आम्ही बाहेरूनच तट आणि बुरूज पाहिले. खाली समुद्र दगडांवर आपटत होता.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "क्लासमधला एक मुलगा म्हणाला, तुम्ही लोक किल्ल्यावर कशाला जाता? खाला, या लढाईत आपण कुणाच्या बाजूने होतो?"

वीस वर्षं मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते आहे, पण एवढा जड प्रश्न फार क्वचित आला. इतिहासाची सनावळी सांगून तो सुटणार नव्हता. मी तिला म्हटलं, आधी समोर दिसतंय त्याची नावं घे. किल्ला. अरबी. बुरूज. तोही अरबी. दरवाजा फारसी, तोफ तुर्की. समोरच्या पाण्याला कोळी दर्या म्हणतात, तोही फारसी. आणि किल्ल्याबाहेरून जे लढतं ते आरमार? ते थेट पोर्तुगीज शब्दावरून. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात किल्ल्यांचीही नावं होती. पण लोकांच्या तोंडी किल्ला किल्लाच राहिला. आणि त्याच महाराजांच्या आरमारात दौलतखान सरदार होता. बाजू अशा सरळ रेषेत आखता येत नाहीत, बेटा. लढणारे वाटले गेले, भाषा मात्र सगळ्यांचं घेत गेली. तू रोज मराठीत बोलतेस, त्यात हे सगळे आहेत. त्या मुलाच्या बोलण्यातही आहेत, त्याला कुणी सांगितलं नाही एवढंच.

"म्हणजे मी जाऊ शकते किल्ल्यावर?"

"परवानगी वायुदलाची लागेल. त्या मुलाची नाही."

ती हसली, तेव्हा कुठे माझ्या छातीवरचा दगड उतरला. आपल्या मुलांना कुणी दरडावून हाकलत नाही. एक साधा प्रश्न विचारला जातो आणि ती स्वतःहूनच मागे सरकतात. मला भीती त्या मागे सरकण्याची वाटते.

पुढे एरंगळला समुद्राला लागून सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे, १५७५ सालचं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते आणि तिला सगळ्या धर्मांचे लोक येतात. आम्ही पायरीवर बसून घरून आणलेला पाव आणि खिमा खाल्ला. भाचीने विचारलं, "पाव कुठला?" मी म्हटलं, पोर्तुगीज. खिमा? तुर्की. "आणि आपण?" "आपण रत्नागिरीचे."

दाणापाणी, अक्सा करत मार्वेला पोचेपर्यंत पाय बोलू लागले होते. बसमध्ये तिने वही काढली आणि एकाच शब्दाच्या दोन ओळी लिहिल्या, उर्दूत उजवीकडून आणि मराठीत डावीकडून. मग म्हणाली, "उर्दूत ल एकच आहे. मराठीने दुसरा कुठून आणला?" मी म्हटलं, मराठीला शब्द आवडला की ती त्याला असं घट्ट धरून ठेवते.