गिलाव्यापूर्वी

बोरीकाठच्या या अमळनेरात, जिथे उन्हाळ्यात पाण्याचा थेंबन्‌थेंब मोलाचा, आज शेजारच्या नव्या घराचे बांधकाम पाहताना मनात आले की, ज्या नळांवर गृहस्थाचे नित्य जीवन अवलंबून, त्यांचीच तजवीज तो सर्वांत शेवटी आणि घाईने करतो. गिलावा चढण्यापूर्वी सर्व तोंडे बंद करून, नळांत दाबाने पाणी भरून, सांधे अहोरात्र निरखावेत. १० मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब देते, हे ध्यानी असले म्हणजे गच्चीवरील टाकीची उंचीही विचारपूर्वक ठरते. चकचकीत तोटीला दातेरी पान्याचे वळ कशाला? तिथे सपाट पानाच योग्य. आणि घरधन्यांनो, भिंतीत गाडलेल्या प्रत्येक नळाचा नकाशा मोजमापांसह घराच्या दस्तऐवजांत अवश्य ठेवा.