दिवाळी वजा तीन आठवडे

आमच्या प्लॅनिंग विभागात नवीन आलेल्या मुलांना मी आधी एकच काम देते. प्रत्येक मालाची पुढच्या महिन्याची विक्री सांगायची, आणि तीही अगदी बिनडोकपणे : गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढी झाली, तेवढीच. मुलं हिरमुसतात, कारण ती एरिमासारखी सांख्यिकी पद्धत आणि न्यूरल नेटवर्क शिकून आलेली असतात. मग सांगते, आता तुमची पद्धत लावा आणि या बिनडोक आकड्यापेक्षा कमी चूक करून दाखवा. पहिल्या फेरीत बहुतेकांना ते जमत नाही.

यात मुलांची हेटाळणी नाही. अंदाजशास्त्राचे अभ्यासक स्पायरोस माक्रिदाकिस यांनी काळानुसार नोंदलेल्या आकड्यांच्या 1001 मालिकांवर अंदाजाच्या निरनिराळ्या पद्धतींची शर्यत लावली. 1982 साली तिचे निकाल आले, तेव्हा अवघड पद्धत सोप्या पद्धतीपेक्षा सरस ठरतेच असं नाही, हे दिसलं. 2018 च्या चौथ्या शर्यतीत एक लाख मालिका होत्या. तिथे जिंकलेल्या पद्धतीत जुनं एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग आणि न्यूरल नेटवर्क जोडीने काम करत होती. 2020 मध्ये वॉलमार्टच्या विक्रीवर झालेल्या पाचव्या शर्यतीत मात्र मशीन लर्निंगने बाजी मारली. तेव्हा नवं शिकायलाच हवं. फक्त वॉलमार्टचा आकडा दुकानात झालेल्या विक्रीचा होता. आमचा तसा नसतो.

आम्ही फरसाण आणि दिवाळीचा फराळ बनवतो. संगणकात ‘विक्री’ म्हणून जे दिसतं, ते स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक वितरकाच्या, नावाने फाडलेलं बिल. महिनाअखेर जवळ येते, सेल्सवाल्यांचं टार्गेट अपुरं असतं, मग दहावर एक फुकट अशी स्कीम निघते आणि माल ढकलला जातो. पुढच्या महिन्याचे पहिले दहा-बारा दिवस बिलंच नाहीत. पद्धतीला वाटतं, लोक एक तारखेला भाकरवडी खायचं सोडतात आणि पंचवीस तारखेनंतर तुटून पडतात! ती हा आकार इमानेइतबारे पुढच्या वर्षावर उमटवते. शून्यांची गोष्ट याहून वाईट. चिवड्याची विक्री आठवडाभर शून्य दिसते, कारण पॅकिंगचा रोल संपलेला असतो. मागणी मात्र दुकानादुकानांत उभी असते. ते शून्य तसंच ठेवलं, तर पुढच्या वर्षी आपण आपल्या हाताने माल कमी बनवतो. म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्याने आधी स्टॉकिस्टच्या गोदामात बसायचं आणि तिथून दुकानांत काय गेलं, ती सेकंडरी सेलची वही उतरवून आणायची. कंटाळवाणं काम आहे. याला पर्याय मला सापडलेला नाही.

हे झालं की मगच स्मूदिंग. रॉबर्ट ब्राउन यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांचा माग काढताना ही कल्पना वापरली होती, पुढे ती मालसाठ्याच्या हिशेबात आली. हिशेब पाटीवर करता येतो. अंदाज होता 1000 पेट्यांचा, गेल्या 1200. चूक 200 ची. त्यातली किती मनावर घ्यायची ते आपण ठरवायचं. पाचवा हिस्सा घेतला, तर नवा अंदाज 1040. होल्ट यांनी 1957 मध्ये यात चढउताराचा कल धरला. त्यांचे विद्यार्थी विंटर्स यांनी 1960 मध्ये मोसमासह ही पद्धत उदाहरणांवर तपासून प्रसिद्ध केली.

आणि या मोसमापाशीच आपली गाडी अडते. होल्ट-विंटर्सचा मोसम जानेवारी ते डिसेंबर चालतो, आपलं गिऱ्हाईक तिथीने. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि ते 12 नोव्हेंबरला गेलं. फराळाचा माल कारखान्यातून साधारण तीन आठवडे आधी निघतो. म्हणजे एका वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुसऱ्या वर्षी त्याच महिन्याच्या उत्तरार्धात. ऑक्टोबरचा मोसमी गुणक कितीही काटेकोर काढा, तो चुकीच्या आठवड्यात माल भरायला लावणार. आम्ही महिन्यांचे स्तंभच काढून टाकले. आमच्या तक्त्यात आठवड्यांची नावं ‘दिवाळी वजा तीन’, ‘दिवाळी वजा दोन’ अशी आहेत. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला हे पटवायला वेळ लागला. कारखान्यातल्या मावशींना एका वाक्यात कळलं.

अंदाज म्हटला की पुण्यात सिमला ऑफिस चौकातून जाताना मला हवामान खात्याचे जुने प्रमुख गिल्बर्ट वॉकर आठवतात. खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून इथे आलं, त्याआधीच 1924 मध्ये वॉकर निवृत्त झाले होते. पण त्यांनी मान्सूनसाठी केलेल्या खटाटोपाशी नातं असलेली यूल-वॉकर समीकरणं आज एरिमा शिकणारा प्रत्येकजण सोडवतो. या खात्याची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज जाहीर करताना ते आकड्याशेजारी संभाव्य चूकही छापतात, पाच टक्के इकडे किंवा तिकडे. आमच्या मीटिंगमध्ये असं काही म्हटलं की साहेब म्हणतात, “एकच आकडा सांगा.” एक आकडा दिला की संध्याकाळपर्यंत त्याचं टार्गेट होतं.

मी आता एक आकडा देतच नाही, उलट नफा किती आणि तोटा किती ते विचारते. पाकीट विकलं गेलं तर नफा 30 रुपये आणि दिवाळीनंतर पडून राहिलं तर तोटा 20 रुपये, असं असेल तर शंभरातल्या साठ शक्यतांमध्ये पुरेल इतका माल बनवायचा. 30 भागिले 50. नफा-तोट्याचे हे दोन आकडे साहेबांनीच द्यायचे असतात. ते अंदाज बांधणाऱ्याचं काम नाही आणि त्याने ते अंगावर घेऊही नये.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. तुमचा तक्ता महिन्यांवर चालत असेल, तर त्यातला ऑक्टोबर आधी तपासा.